अंगावरचा टाका

मला जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार, झाला होता आणि मी त्यातून उठले आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मी पडून असताना माझी मुलगी ऋतुजा मोबाइलवर इतरांचे अनुभव शोधून वाचून दाखवायची. लोक माणूस जगलं की गेलं हे शेवटपर्यंत सांगतच नसत आणि तोवर माझा जीव टांगणीला लागायचा. मी जगले. चालते, जिना चढते, भाकरी थापते. दोन-चार भाकऱ्यांनंतर मनगट भरून येतं, तेवढं सोडा.

तुमच्या घरात आत्ता कुणाला हा आजार असेल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. हातपाय परत येतात. उशिरा येतात, रडवून येतात, पण पुष्कळांचे येतात. पुढचं मी थोडं तुमच्यासाठी आणि बरंचसं माझ्यासाठी लिहिते आहे, कारण त्यातलं काही अजून मला सोडून गेलेलं नाही.

माझं काम

मी परळीत राहते आणि बाहुल्यांचे कपडे शिवते. पुण्याच्या एक बाई लाकडी बाहुलीघरं बनवतात, माडीची, ओसरीची, आत चूल आणि पाळणा असलेली. त्या घरांत राहणारी माणसं माझ्या मधल्या बोटाहून थोडीशीच उंच असतात. डोकं आणि हातपाय लाकडाचे, धड कापूस भरलेल्या कापडाचं. ती खोक्यात उघडी माझ्याकडे येतात आणि नेसून-सवरून परत जातात.

लोकांना वाटतं, लहान कपडा म्हणजे लहान काम. करून बघा म्हणावं. नवं कापड एवढ्याशा अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं, म्हणून धुऊन धुऊन विरलेलं लुगडं शोधावं लागतं. छाप मोठा असला की बाहुलीने पडदा गुंडाळल्यासारखं दिसतं. खिडकी उघडी ठेवली तर इथल्या औष्णिक वीज केंद्राची राख पांढऱ्या धोतरावर बसते, म्हणून उन्हाळ्यातही खिडकी लावून बसायचं. आणि हूक, बटण, नाडी यांतलं काहीच या मापात शोभत नाही. म्हणून नऊवारीच्या निऱ्या ओल्या करून दाबून घ्यायच्या, बाहुलीला नेसवायच्या आणि कमरेपाशी तिच्या अंगावरच टाके घालून कायमच्या बसवायच्या. माझं नाव झालं ते या टाक्यांमुळेच. टाका कुठे आहे ते शोधून दाखवा, असं मी पैजेवर सांगायची.

माझ्या सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्याकडे जुन्या बायका अंगावरच्या कपड्याला टाका घालू देत नाहीत. उसवलं तर काढून द्यायचं, मग शिवायचं.

"कावून शिवतीस गं तिच्या आंगावर?" आत्याबाई म्हणायच्या. "कपड्यासंगं दुखणं शिवलं जातं."

"लाकडाची हाय ती, आत्याबाई. तिला कशाचं आलंय दुखणं?"

"डोळे काढलेत न्हवं तिला? मंग जित्ती हाय ती. आन तिला न्हाई लागलं तर शिवणाऱ्याला लागंल. कुठं तरी लागंलच की."

मी हसायची. घरात कुणी ना कुणी हसायचंच.

कमरेत सुई

आधी पोट बिघडलं. ते बरं झालं आणि आठवड्याभराने बोटांना मुंग्या आल्या. सतत शिवून येतात तशाच असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी आजोबा-बाहुलीच्या पांढऱ्या धोतरावर लाल ठिपका दिसला. मी बाहुली उलटीपालटी करून बघितली, हे कुठून आलं म्हणून. रक्त माझं होतं. बोटात सुई गेलेली मला कळलीच नव्हती.

त्याच दुपारी हिरव्या लुगड्यातली आजी हातात होती. पुढच्या निऱ्या बसल्या होत्या, मागे काष्ट्याचे टाके बाकी होते. सुई तिच्या कमरेत खोचून मी पाणी प्यायला उठले, ती खालीच बसले. गुडघ्यांत जीवच नव्हता. आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. ते धावत आले, हाताला तांब्याची तार तशीच गुंडाळलेली.

परळीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच अंबाजोगाईला न्यायला सांगितलं. तिथे एका तरुण डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली, मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली. आत कुणी नसलेल्या घराचं दार वाजवावं तसं चाललं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते मी बघितलं. माझ्यासाठी निदान म्हणजे ते गेलेलं हसू. नाव नंतर कळलं.

तपासणीसाठी कमरेतून, मणक्यातलं पाणी काढायचं ठरलं. मला कुशीवर वळवलं. गुडघे पोटाशी घ्यायचे होते, ते मला घेता येईनात, म्हणून ह्यांनी धरले. मागून कमरेत सुई शिरली आणि त्या क्षणी मला आठवलं की मी हिरव्या आजीच्या कमरेत सुई तशीच सोडून आले आहे. नेमकी तिथेच.

ह्यांना सांगायला मी तोंड उघडलं. पण डॉक्टर उभे, सिस्टर उभ्या, एवढ्या माणसांत बाहुलीचं काय सांगायचं? लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं. पण माझा आवाज त्या संध्याकाळीच बसला, मग गिळता येईना, मग श्वास पुरेना आणि घशात नळी गेली. माझ्याजवळ हलणाऱ्या फक्त पापण्या उरल्या.

मागून उघडी

अतिदक्षता विभागात दिवस नसतो. दिवे चालू असतात आणि यंत्र तुमच्या वतीने श्वास घेत असतं. त्याचा आवाज ऐकत पडायचं. तहान लागते, घोटभर पाणी कुणी देत नाही. डोळ्यांवर माशी बसली तरी हात उठत नाही. सगळ्यांना वाटतं तुम्ही बेशुद्ध आहात, आणि तुम्हाला सगळं ऐकू येत असतं.

हे नातेवाइकांनी नीट लक्षात ठेवावं. माझ्या उशाशी उभं राहून माझ्या एका मावसदिरांनी ह्यांना सांगितलं, "तेलगावच्या एकाला हेच झालतं. लई खर्च केला, गेला बिचारा." मला उठून त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. उठताच येत नव्हतं.

तिथे साजेदा सिस्टर होत्या, मूळच्या सिरसाळ्याच्या. त्या प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगायच्या. "भाभी, आता डावा हात घालते हां. आता मान उचलते, घाबरायचं न्हाई. बाहेर ऊन पडलंय मस्त." ओल्या कापसाने त्या माझे ओठ पुसायच्या. आजही कुणी सिस्टर दिसली की माझे हात आपोआप जोडले जातात.

पण त्यांच्याच हातून कपडे घालून घेताना मला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. दवाखान्याचा झगा मागून उघडा असतो. आधी ताठ पडलेले हात बाह्यांत सरकवायचे, मग अंग जरासं उचलून मागे बंद बांधायचे. मी आयुष्यभर असेच कपडे घातले होते, दुसऱ्यांना. हात वाकत नाहीत म्हणून मागून उघडं ठेवायचं, ही माझीच पद्धत. आत्याबाईंचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं. कुठं तरी लागंलच की. माझी खात्री पटली की हे मला माझ्याच सुईने लागलं आहे.

त्यानंतर त्या आल्या.

नंतर डॉक्टर म्हणाले, तिथे असे भास पुष्कळांना होतात, औषधांनी होतात, झोप मोडल्याने होतात. असेल तसं. मला दिसलं ते सांगते. माझ्या पायथ्याच्या लोखंडी कठड्यावर बाहुल्या ओळीने पाठमोऱ्या बसल्या होत्या. एकेकीच्या अंगावरचे टाके सुटत होते. सोडणारे हात दिसत नव्हते, फक्त दोरा सरकन बाहेर येताना दिसायचा. कपडे गळून पडले की ती बाहुली उघडी खाली उतरायची आणि निघून जायची. एकीनेही मागे वळून बघितलं नाही. शेवटी कठड्यावर हिरवी आजी एकटी उरली. तिच्या कमरेत सुई होती आणि ती जात नव्हती. मी डोळे मिटले की ती जवळ आलेली असायची. पायथ्यावरून गुडघ्यापाशी, गुडघ्यावरून पोटापाशी. ती वळली आणि तिचं तोंड मला दिसलं की मी मेले, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पापण्यांची भाषा

ऋतुजाला थोडा वेळ आत सोडायचे. तिने एक युक्ती काढली होती. ती मुळाक्षरांच्या ओळी म्हणायची, क ची ओळ, च ची ओळ. हवी ती ओळ आली की मी पापण्या घट्ट मिटायच्या. मग ती त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. एक शब्द जुळायला आमचा दोघींचा घाम निघायचा. ज्यांचा माणूस असा पडून आहे त्यांनी हे करून बघावं.

इतर लोक म्हणे मुलांची नावं सांगतात, पाणी मागतात. मी त्या पोरीला सांगितलं, हिरव्या आजीची सुई काढ.

ती घाबरली असणार. पण पोर शहाणी, वेड्यात काढलं नाही. "काढते मम्मी," म्हणाली आणि बाहेर गेली. पुढे काय झालं ते तिने मला खूप नंतर, घरी आल्यावर सांगितलं.

तिने बाहेरून घरी फोन लावला आणि आत्याबाईंना सांगितलं, मम्मीच्या बाहुल्यांच्या डब्यातल्या हिरव्या बाहुलीची सुई काढ. पलीकडे आत्याबाई रडायला लागल्या. मी दवाखान्यात गेले त्या दिवसापासून त्या माझ्या टेबलाशी बसून एकेका बाहुलीचे टाके उसवत होत्या. सगळ्या उसवून झाल्या होत्या. फक्त हिरवी उरली होती. तिला हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"कशी काढू बाई ती सुई?" त्या म्हणाल्या. "काढली आन तिकडं तिचा जीव गेला तर? ठिवली आन त्यानं गेला तर? मी रोज तिच्याम्होरं बसती न् उठती."

ऋतुजा म्हणाली, "आजी, मम्मी म्हणती काढ. मम्मीनं स्वतः सांगितलंय."

तेव्हा कुठे त्यांनी काढली. फोन चालू ठेवून काढली, आणि काढल्या काढल्या विचारलं, "हाय का गं? बघ आत जाऊन, हाय का?"

ऋतुजा धावत आत आली होती, ते मला आठवतं. तिने माझ्या छातीवर हात ठेवला आणि यंत्राकडे बघत राहिली. कशासाठी ते मला कळलं नव्हतं. कठड्यावर मात्र कुणी नव्हतं.

खोटं कशाला सांगू, लगेच काही चमत्कार झाला नाही. उलट त्याच आठवड्यात छातीत कफ भरला आणि ह्यांना सही करायला बोलावलं. मग हळूहळू खांदा हलला, मग मान. नळी निघाली त्या दिवशी मी पहिला शब्द पाणी म्हटला. आवाज कुणा तिसऱ्याच बाईचा वाटला. डॉक्टर म्हणतात औषधांनी केलं, आत्याबाई म्हणतात सुई काढल्याने केलं. मी दोघांसमोर मान हलवते.

घरी

घरी आणलं तेव्हा मी वॉकर धरून चार पावलं टाकायची. हे रोज माझी नखं कापायला बसायचे, वाढलेली नसली तरी. त्यांना दुसरं काय करावं सुचत नसावं. आईशी ते बोलतच नव्हते. तिने लोकांच्या बाहुल्यांचा सत्यानाश केला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या तर सगळ्या बाहुल्या गंगाखेडला नेऊन गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायला निघाल्या होत्या. ह्यांनी पिशवी हिसकावून घेतली होती म्हणे. मायलेक एका घरात, आणि मधे मी, ताटलीसारखे निरोप इकडून तिकडे पोचवणारी. "त्याला म्हणावं जेवून घे." "तिला म्हणावं भूक न्हाई."

मी डबा उघडायला लावला. बाहुल्या उघड्याच होत्या, पण प्रत्येकीला आत्याबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात वेगळं गुंडाळलं होतं. कपडे घडी घालून शेजारी ठेवले होते, विड्याच्या पानाएवढ्या घड्या. मी एकेक उलगडून उजेडात धरला. एकही कपडा फाटला नव्हता. एका ठिकाणीसुद्धा कात्री चालली नव्हती. जे टाके शोधून दाखवा म्हणून मी पैजा लावायची, ते सगळे मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी त्यांनी शोधले होते आणि सुईच्या टोकाने एकेक करून सोडवले होते. माझा संताप झाला होता. तो तसाच राहिला आणि त्याच्यावर रडू आलं. काय करावं कळेना, म्हणून मी ह्यांना म्हटलं, "आईशी बोला आता. लई झालं."

पण आत्याबाईंनी माझ्याकडून शपथ मागितली. पुन्हा अंगावर टाका घालायचा नाही. आणि खरं सांगते, मला शपथ घ्यायची होती. उजेड कमी झाला की डोळ्याच्या कोपऱ्यात पलंगाच्या कठड्यावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं मला अजूनही दिसतं. मान वळवली की नसतं. डबा माझ्या खोलीत ठेवू नका, असं मीच सांगितलं होतं.

तरी शपथ तोंडातून निघेना. बोटं पुन्हा हलायला लागली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वाटाणे वेचायला दिले, चिमटे लावायला दिले. मी ते केलं. त्या टाळ्या वाजवायच्या आणि मला त्यांचा राग यायचा. वाटाणे कुणीही वेचतं. माझा हात परत आला की नाही, हे मला टाक्याशिवाय दुसऱ्या कशाने कळणार होतं? तो परत आला नसेल तर मी नुसतीच जगलेली बाई होते, घरात एका जागी बसवून ठेवायची.

मी चोरून इतर वाटा शोधल्या. डिंक लावून बघितला, निऱ्या काळवंडल्या. लाटण्याच्या मुठीवर नेसवून शिवून बघितलं, बाहुलीच्या अंगावर ते ढगळ झालं. शेवटी एका सकाळी हिरवी आजी समोर घेऊन बसले. तिला नेसवलं. सुईत दोरा ओवायला किती वेळ लागला ते विचारू नका. ओवला एकदाचा. मग सुई तिच्या कमरेपाशी नेली आणि हात थरथरायला लागला. तो आजाराने थरथरत नव्हता. तेवढा फरक मला कळतो.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही.

"शिवायचंच हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"भ्याव वाटतंय?"

"लई वाटतंय, आत्याबाई."

मला वाटलं आता सुई हिसकावतील. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, जरा कण्हत. म्हणाल्या, "येकदा लगनात माझी चोळी उसवलती. काढाया जागा नव्हती. तवा माझ्या मायनं आंगावरच शिवली, पर मला दातात दोरा धराया लावला. दोरा धरला की शिवलेलं आत जात न्हाई."

"बाहुलीचं तोंड कुठं उघडतंय?"

"तिचं न्हाई उघडत. माझं उघडतंय की." त्यांनी माझ्या रिळाचा दोरा तोडून घेतला. "यायचं असंल ते माझ्यावर येऊ दे. तुझी लेकरं-बाळं हायती. माझं काय ऱ्हायलंय आता."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी दोरा दातांत धरला होता. आता बोलता येत नव्हतं. सुईकडे बोट करून त्यांनी मान हलवली, चालव म्हणून.

मी टाका घातला. वाकडा गेला. दुसरा घातला, तोही फार चांगला नव्हता. तिसऱ्याला सुई जिथे जायची तिथे गेली आणि मला माझा हात ओळखू आला. मी रडत होते आणि शिवत होते, आणि माझ्यासमोर ती म्हातारी दोरा धरून, डोळे मिटून बसली होती.

तेव्हापासून हेच चाललं आहे. नेसवून झालं की मी हाक मारते, त्या येऊन बसतात. मी आता कमीत कमी टाक्यांत निऱ्या बसवते. पूर्वीइतकं बारीक काम उरलं नाही, पुण्याच्या बाईंच्याही ते लक्षात आलं असेल. आजाराबद्दल मला जे कळलं ते सगळं मी वर लिहिलं आहे. त्या दोऱ्याबद्दल मला काहीच कळत नाही. तो खरा मानला तर मी रोज काय करते आहे, आणि खोटा मानला तर मी त्यांना हाक का मारते? शेवटची गाठ बसली की त्या दोरा काढून टाकतात. मग मी त्यांना म्हणते, आत्याबाई, जरा चहा टाकता का? मला चहा नको असतो. त्या जमिनीवरून उठतात आणि चुलीपर्यंत जातात, आणि मी सुई हातात धरून त्यांचे पाय बघत राहते.